एका घागरीतलं ताक

बिद्रीच्या अलीकडं, जिथं दोन्ही बाजूंचा ऊस रस्त्यावर वाकून बघतो, तिथं अक्षताची स्कूटर बंद पडली.

वैशाखाचं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मागच्या सीटवर दोरीनं आवळून बांधलेला थर्माकोलचा डबा... आणि त्याच्या कोपऱ्यातून टप्‌, टप्‌ पाणी गळत होतं. बर्फ वितळत होता. डब्यातलं जे होतं ते थंड राहिलं नाही, तर गारगोटीच्या बाजूची सगळी पायपीट फुकट जाणार होती. तिनं किक मारली. पुन्हा मारली. ओढणीनं डब्यावर सावली धरली, आणि मनातल्या मनात अंबाबाईला हाक घातली.

देवाला हाक घातली की तो येतोच. कुठल्या वाहनातून येईल ते मात्र त्याचं तो ठरवतो. इथं तो दुधाच्या टेम्पोतून आला.

"ओ पावणं! काय झालं?"

टेम्पो थांबला, दार उघडलं, आणि आतून एक अवाढव्य माणूस जरा लंगडत उतरला. मोडलेले, पुरीसारखे फुगलेले कान, म्हणजे जुना पैलवान. शर्टाची बटणं पोटावर ताणलेली. आणि त्या एवढ्या थोरल्या देहात दोन डोळे असे की नुकतेच कुणाची तरी खोडी काढून आलेत.

"आवो, मॅडम हाय व्हय! माफ करा, ओढणीमुळं दिसलंच न्हाय. पेट्रोल संपलं काय?"

"नाही हो. सुरूच होत नाहीये."

"आन् डब्यात काय हाय? आइस्क्रीम?"

"नाही."

"मासं?"

"नाही. तुमच्याकडं बर्फ मिळेल का? हे थंड राहायलाच हवं."

"बर्फ आमच्या दूध संस्थेत हाय की, रग्गड. चला, सोडतो. पन आदी सांगा तरी, आत हाय काय? उद्या पोलीस दारात आलं म्हंजे मी काय सांगू?"

अक्षतानं डोळे मिटले. एक श्वास घेतला.

"माणसांची शी."

उसातला वाराही थांबला जणू. मग त्या माणसानं टेम्पोच्या दारावर थाप मारली आणि असा हसला, की टेम्पोतले रिकामे कॅन खणखणले.

"मॅडम, माझ्या टेम्पोत बसायच्या आदी एवढं खरं आजवर कोण बोललं न्हाय बगा!"

त्याचं नाव ऋतुराज. गावातल्या दूध संस्थेचं काम बघायचा. डबा त्यानं स्वतः उचलून आपल्या सीटशेजारी ठेवला. "दुधाजवळ न्हाय ठेवायचा, गाव मला जित्ता सोडणार न्हाय." आणि वाटेत एका हातानं स्टिअरिंग, एका हातानं डब्याचं झाकण दाबून धरलं. अक्षतानं ते पाहिलं. ज्याला शी म्हटल्यावर किळस आली नाही, उलट ती सांडू नये याची काळजी वाटली... असला माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला होता.

"पन हे करता काय ह्येचं?"

"आतले जिवाणू मोजतो. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. आपण काय खातो ते आपण ठरवतो. पण त्यातलं काय पचवायचं, किती अंगी लावायचं, भूक कधी भागली म्हणून सांगायचं, यात त्यांचाही हात असतो. जाड उंदराच्या पोटातले जिवाणू दुसऱ्या उंदरांना दिले, तर तेवढंच खाऊनही त्यांची चरबी जास्त वाढली, असे प्रयोग झालेत."

ऋतुराजनं आपल्या पोटावरून हात फिरवला. "आयला! म्हंजे दोष माझा न्हाय, ह्यांचा हाय!"

"थोडा पांढऱ्या रश्श्याचाही असेल," ती म्हणाली. "आणि माणसांचं अजून कुणाला पुरतं कळलेलं नाही. म्हणून तर अभ्यास."

त्यानं समोरचा खड्डा चुकवला. मग म्हणाला, "गुडघा गेला, कुस्ती सुटली. खुराक तेवढा सुटला न्हाय, मॅडम. आमच्या तालमीतल्या समद्यांचंच असं. डॉक्टर म्हन्ला, साखर उंबऱ्यावर हाय. आत यायच्या आदी दार लावा म्हन्ला. दार कुठलं लावायचं, त्येच कळंना."

आणि अक्षताच्या ध्यानात आलं, की ज्या माणसांना ती महिनाभर शोधत होती, कुस्ती सोडलेली, खुराक न सोडलेली, ती अशी अख्खी तालीम भरून इथं बसलेली आहेत.

*

संशोधन कोल्हापुरातल्या एका संस्थेचं, आणि त्याच्या प्रमुख डॉक्टर क्रांती मॅडम. अक्षता त्यांच्या हाताखाली कंत्राटावर. नेमणूक वर्षाची, काम नीट झालं तर पुढं चालू, आणि त्यावरच तिची पीएच.डी. शिरोळच्या मास्तरांची ही पोरगी, दोनदा पुरात घर धुऊन गेलेलं पाहिलेली. हातातलं काम निसटू द्यायचं नाही, एवढं ती पुरातच शिकली होती.

तालमीतल्या बाराजणांना नाश्त्याला ज्वारीची भाकरी, मोड आलेली कडधान्यं, पालेभाजी असा एकच आहार ठरवून दिला. शिवाय प्रत्येकाला आपापल्या नावाच्या पुड्या, रोज सकाळी एक, ताकात घालून प्यायची. गंमत इथंच होती. निम्म्या पुड्यांत जिवंत, गुणी जिवाणू; निम्म्यांत नुसतं पीठ. कुठली कुणाची, हे पिणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्या अक्षतालाही नाही. शास्त्रातली आंधळी कोशिंबीरच ती! डोळे बांधलेले असतील तरच खरं काय ते हाती लागतं.

"म्हंजे कुणाला तरी नुसतं पीठ?" केरबानं कपाळाला आठ्या घातल्या. केरबा म्हणजे तालमीतला सगळ्यात तोंडाळ गडी. "तालमीत असलं चालत न्हाय बगा. एकाला बदाम आन् दुसऱ्याला शेंगदाणं?"

"चालवून घ्या," अक्षता हसली. "थोडेच महिने."

आणि वस्ताद? अण्णासो वस्तादांनी या सगळ्यांना घडवलेलं. आता इन्सुलिनवर, तळपायाला न भरणारी जखम. त्यांनाही पुड्या हव्या होत्या. पण क्रांती मॅडमनी स्पष्ट नकार दिला. उघडी जखम, कमी झालेली प्रतिकारशक्ती. अशा माणसाला जिवंत जिवाणू देण्यात धोका असतो. वस्तादांनी मान हलवली, "बरं बाई," म्हणाले, आणि मातीकडं तोंड करून बसले. पोरांचे चेहरे उतरले, ते अक्षताला दिसलं. तिला वाटलं, उतरलेले चेहरे चढतील.

दर आठवड्याला ती जायची. दर आठवड्याला ऋतुराज नमुन्यांचा डबा दोन्ही हातांनी पुढं करायचा.

"घ्या मॅडम, तालमीची वर्गणी."

"पूर्ण आहे ना?"

"भरभरून दिलीया लोकांनी!"

हसताना तिची ओढणी तोंडावर जायची, आणि तो त्या ओढणीकडं बघत राहायचा. मग दोघंही उगाच दुसरीकडं बघायचे. आषाढ सरला. पट्ट्याला नवं भोक पाडून आणलंय म्हणून त्यानं एकदा दाखवलं. "बगा, बटणं सुटायची बंद झाली." ती म्हणाली, "बटणांना आता कामच नाही." तो म्हणाला, "मग मॅडम, माझं काम संपलं की तुम्ही यायच्या बंद हुणार काय?"

प्रश्न साधा होता. तिनं मात्र डब्यातले नमुने पुन्हा मोजायला घेतले.

एकदा देवळात भजन चाललं होतं. ती दारात थांबली. लहानपणापासून कीर्तनाच्या फडात मांडी घालून बसलेली पोर ती. टाळ ऐकू आला की तिचे पाय पुढं जात नसत. मृदंगावर ऋतुराज होता. ज्या पंजांनी कधी गडी उचलून आपटले, तेच पंजे कातड्यावर असे अलगद पडत होते, की जणू झोपलेल्या लेकराला थोपटतायत. त्यानं मान वर केली. तिला पाहिलं. एक बोल चुकला. भजनातल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि अक्षता जी तिथून निघाली, ती कोल्हापूर येईस्तोवर लाजतच होती.

*

श्रावण लागला, आणि क्रांती मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"तालमीच्या नमुन्यांत पुडीतला जिवाणू सापडतोय."

"मग चांगलंच आहे की मॅडम."

"सगळ्यांच्यात सापडतोय, अक्षता. बाराच्या बाराजणांत. निम्म्यांत सापडायलाच नको." मॅडमचा आवाज चढला नाही. "एक तर तू नमुने एकमेकांत मिसळलेस, नाहीतर पुड्या वाटताना घोळ घातलास. तिसरं काही मला दिसत नाही. सोमवारी समितीची बैठक आहे. तोवर कारण सांग. नाहीतर हे काम बंद होईल, आणि तुझ्या नावावर बंद होईल."

ती रडली नाही. तिनं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. एकही नाव चुकलं नव्हतं, एकही डबा हलला नव्हता. मग तालमीत गेली, आणि सगळे पांगल्यावर ऋतुराजला सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. जवळचं माणूस कुठलं, हे संकटातच कळतं, म्हणतात ना.

"माझ्यावर आळ आहे," ती म्हणाली. "मी काही केलं नाहीये हो. तुम्हाला खरं वाटतं ना?"

ऋतुराजचा चेहरा पांढरा पडला. ओठ हलले. तो काहीतरी बोलणार होता. नक्की बोलणार होता.

"तुम्ही... तुम्ही कधी चुकणार न्हाय, मॅडम," एवढंच म्हणाला. आणि मग, खाली बघत, "रविवारी सप्त्याचा काला हाय. या की. मन हलकं हुईल."

*

रविवारी झिमझिम होती. देवळापुढच्या मांडवात ओल्या मातीचा, उदबत्तीचा आणि दह्याचा असा एकच वास भरून राहिला होता. प्रत्येक घरातून आलेलं एका मोठ्या घागरीत पडत होतं. कुणाचं दही, कुणाच्या लाह्या, कुणाचे पोहे, कुणाची काकडी, कुणाचं लिंबाचं लोणचं.

बुवा काल्याचा प्रसंग रंगवत होते. वीणा खांद्यावर, घामानं भिजलेला सदरा, आणि आवाज असा की पावसानंही ऐकावं. यमुनेचं वाळवंट. गाई चरतायत. गोपाळ शिदोऱ्या सोडतायत. कुणाची लोण्याची, कुणाची शिळ्या भाकरीची. शिळ्या भाकरीवाला मागं सरतो, लाजतो. आणि देव काय करतो? "देव म्हणतो, अरे, वेगळं खाल तर भूक भागेल, एकत्र खाल तर मन भागेल! आण ती इकडं!" मृदंग कडाडला. हजार हात वर गेले. अक्षताच्या डोळ्यांतून पाणी आलं. चार दिवसांत पहिल्यांदा, आणि ते दुःखाचं नव्हतं.

कीर्तन संपलं. घागर हलली. केरबा द्रोण भरभरून वाटत होता.

"घ्या मॅडम, देवाचा काला. आमास्नी ह्येची सवयच हाय म्हना. तालमीत आमचा रोजच काला असतोय की!"

"म्हणजे?"

"आवो, तुमच्या पुड्या! कुणाची खरी, कुणाची पिठाची, कशाला ती भानगड? समद्या फोडायच्या, एका घागरीत ताक करायचं, ढवळायचं आन् वाटून प्यायचं. ऋतुराजनंच काढली युक्ती पैल्या दिसापासनं. वस्तादांस्नी पन एक पेला. त्येंनी आमास्नी घडवलं, त्येंस्नीच उपाशी ठेवायचं व्हय?"

अक्षताच्या हातातला द्रोण कलला. दही मनगटावरून ओघळलं.

बाराच्या बाराजणांत... तिसरं कारण. हे होतं तिसरं कारण.

मांडवाच्या टोकाला ऋतुराज मृदंगाला खोळ चढवत होता. तिला येताना पाहून तो उभा राहिला, आणि त्याला कळलं.

रागावली की अक्षता शिरोळची व्हायची. संस्थेतली शुद्ध भाषा गळून पडायची, आणि तिकडच्या बायकांसारखी तीही 'मी आलो, मी गेलो' म्हणायची.

"तुमास्नी ठाऊक हुतं."

"मॅडम..."

"मी तुमच्या म्होरं उभं राहून इच्यारलं, मी काय केलं न्हाय हो, खरं वाटतंय न्हवं! आन् तुम्ही काय म्हनलासा? काल्याला या? मन हलकं करा?"

"मी सांगणार हुतो."

"कवा? सोमवारी माझी नोकरी गेल्यावर?"

तो एवढा थोरला माणूस मान खाली घालून उभा राहिला. पाऊस त्याच्या मोडक्या कानांवरून गळत होता. "सांगटलं असतं, तर तालीम अभ्यासातनं काढली असती. मग तुम्ही आला नसता. दर आठवड्याला... एवढंच डोक्यात हुतं. एक दिस आनी, एक दिस आनी, असं करत ऱ्हायलो. खुळा हाय मी."

म्हणजे हे त्याचं सांगणं होतं. ज्या शब्दांची ती महिनोन्‌महिने वाट बघत होती, ते असे आले. चोरीच्या मालासारखे.

"म्हंजे माझं काम गेलं तरी चाललं असतं," ती सावकाश म्हणाली, "मी आलो म्हंजे झालं."

ती वळली. दोन पावलं गेली आणि थबकली. काहीतरी राहिलं होतं. सगळ्या मांडवात एक माणूस दिसत नव्हता.

"वस्ताद कुठं आहेत?"

केरबानंच उत्तर दिलं, दबक्या आवाजात. "घरात हाईत. कालपास्नं ताप हाय. हुडहुडी भरलीया. म्हन्ले, काल्याला कुणी काय बोलू नगा."

"टेम्पो काढा," अक्षता म्हणाली. नोकरी तिच्या डोक्यातून गेली होती.

*

दुधाच्या टेम्पोत मागं वस्ताद, त्यांचं डोकं केरबाच्या मांडीवर; पुढं ऋतुराज आणि अक्षता. काचेवर वायपर खर्र-खर्र करत होता. वस्तादांचं अंग तव्यासारखं तापलेलं, पायाची पट्टी पिवळी पडलेली. कदाचित ताप जखमेचा असेल. कदाचित ताकातले जिवाणू रक्तात गेले असतील. असं क्वचितच होतं, पण अशाच माणसांत होतं. म्हणूनच तर त्यांना घेतलं नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना हे कळायलाच हवं होतं. आणि त्यांना कळलं, की क्रांती मॅडमना कळणार. मॅडमना कळलं, की समितीला.

मागून केरबा म्हणाला, "मॅडम, वस्तादांनी काय खाल्लं त्ये सांगायची गरज हाय व्हय? घरचं ताक पिलं म्हनायचं की. आमी बाराजण हाय, एक शब्द भाईर जायचा न्हाय. तुमचंबी काम ऱ्हाईल, आमचंबी."

अक्षतानं मागं वळून वस्तादांकडं पाहिलं.

मोह सोपा होता. नमुन्यांचं काहीतरी कारण जुळवता आलं असतं. 'प्रयोगशाळेतली चूक' म्हटलं की चार जणांवर दोष वाटला जातो आणि कुणाच्याच वाट्याला येत नाही. ऋतुराजही तिच्याकडं बघत नव्हता; रस्त्याकडंच बघत होता, पण त्याच्या पकडीनं स्टिअरिंगचं कातडं करकरत होतं.

तिनं फोन काढला.

"मॅडम, अक्षता बोलतेय. कारण सापडलंय. तालमीत सगळ्यांनी पुड्या एकत्र करून प्यायल्या. पहिल्या दिवसापासून. मला आज कळलं. आणि ज्यांना आपण नाकारलं होतं, त्या वस्तादांनीही घेतल्यात. त्यांना थंडी-ताप आहे. आम्ही दवाखान्यात नेतोय. पुडीत नेमका कुठला जिवाणू आहे, ते तुम्ही तिथल्या डॉक्टरांना आत्ता सांगा. प्लीज, आत्ता."

मग मॅडम म्हणाल्या, "तुला कळतंय ना, तुझी सगळी मेहनत तू आत्ता केरात टाकलीस?"

"हो."

"दवाखान्याचं नाव सांग."

तेवढ्यात ऋतुराजनं टेम्पो कडेला घेतला आणि तिच्या हातातून फोन घेतला.

"मॅडम, मी ऋतुराज बोलतोय, तालमीतला. पुड्या मी फोडल्या. वस्तादांस्नी पेला मीच दिला. ह्यांस्नी ठाऊकच नव्हतं, आन् ठाऊक झाल्यावर ह्यांनी दम घेतला न्हाय. समितीत मला बोलवा, सगळ्यांच्या म्होरं सांगतो. ह्यांच्यावर आळ ठिवू नका." फोन परत दिला. गिअर टाकला. पुन्हा रस्त्याकडं बघू लागला.

दवाखान्यात वस्तादांना आत नेलं. रक्त काढलं, सलाईन लावलं, पायाची पट्टी सोडली. तिथल्या तरुण डॉक्टरांनी क्रांती मॅडमशी बोलून औषधं ठरवली. "बरं झालं वेळेत सांगितलंत," एवढंच म्हणाले, आणि दार लोटलं.

वऱ्हांड्यातल्या बाकावर ते दोघं बसले. मध्ये एका माणसाची जागा सोडून. त्यानं एकदा "पाणी आणू?" विचारलं. ती "नको" म्हणाली. तरी त्यानं आणलं, तिच्याजवळ ठेवलं आणि परत आपल्या टोकाला जाऊन बसला. मध्ये सोडलेली ती जागा दोघांनाही दिसत होती. आत जाणारी नर्स बाहेर आली की दोघं एकदम उठायचे, आणि एकदम बसायचे.

*

सकाळी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, दोष पायाच्या जखमेचाच दिसतोय. रक्तात पुडीतला जिवाणू तोवर तरी सापडला नव्हता. वस्तादांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले ते नर्सला, "बाई, न्याहारीला काय हाय?" केरबा दाराआड जाऊन ढसाढसा रडला.

त्याच सकाळी मॅडमचा फोन आला. तालमीचे सगळे नमुने रद्द. इथलं काम बंद. अक्षतावरचा आळ गेला. पण कंत्राट पुढं चालायला आता कामच उरलं नव्हतं. पुण्यात एका संस्थेत जागा आहे, मॅडम शब्द टाकतील. लागलीच नाही, वाट बघावी लागेल. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मला राग आलाय तुझा. आणि तुझ्याशिवाय कुणावर एवढा विश्वासही नाही. दोन्ही एकदम असू शकतं ना?"

"असू शकतं, मॅडम," अक्षता म्हणाली, आणि वऱ्हांड्याच्या टोकाला असलेल्या कँटीनकडं तिचं लक्ष गेलं.

तिथं ऋतुराज एकटा बसला होता. रात्रभर न झोपलेला, दाढीचे खुंट वाढलेले. ती समोर बसली. त्यानं एक चहा सांगितला, तिच्यासाठी. स्वतःसाठी सांगायचं धाडस त्याला झालं नाही.

"तुमचं काम ग्येलं," तो म्हणाला.

"गेलं."

"माझ्यामुळं."

"तुमच्यामुळं. मॅडम पुण्यात शब्द टाकतायत."

"पुण्याला जाणार म्हना."

"बोलावलं तर."

त्यानं मान हलवली. टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटानं पुसला. "राग जाईल काय?"

"माहीत नाही. अजून आहे. भरपूर आहे." तिनं चहाचा घोट घेतला. आल्याचा वास, बाहेर पागोळ्यांचा आवाज. "पण काल टेम्पोत मी फोन लावला, तेव्हा तुम्ही मला अडवलं नाही. केरबासारखं एक अक्षरही बोलला नाही. मी बघत होते तुमच्याकडं."

"अडवून कसं चालंल? वस्ताद..."

"वस्तादांसाठी नाही विचारत. माझ्यासाठी विचारतेय."

ऋतुराजनं ओला झालेला हात शर्टाला पुसला. मग मान वर केली, आणि त्या खोडकर डोळ्यांत पहिल्यांदाच खोडी नव्हती. "तुमास्नी खोटं बोलायला लावून तुमच्याशी संसार करायचा... त्यापरीस तुम्ही पुण्याला गेल्याल्या बऱ्या, असं वाटलं."

संसार. शब्द टेबलावर पडला, आणि दोघांनीही तो उचलला नाही. पलीकडं कुणीतरी वडापाव सांगितला. कुणाचं तरी लेकरू रडलं.

"तुम्हाला एक सांगू?" अक्षता कपाकडं बघत म्हणाली. "अभ्यासातलंच आहे. जी माणसं एका घरात राहतात, एका पातेल्यातलं खातात, त्यांच्या पोटातले जिवाणू हळूहळू एकमेकांसारखे होत जातात. नवरा-बायकोचे सुद्धा. म्हणे जेवढा जिव्हाळा जास्त, तेवढं साम्य जास्त."

ऋतुराजनं हे नीट ऐकलं. मग अगदी जपून, मृदंगाचा पहिला बोल टाकावा तसं, विचारलं,

"किती वर्सं लागत्यात त्येला?"

"ते अजून कुणी नीट मोजलेलं नाही."

त्यानं बोटांवर वर्षं मोजायला घेतली, आणि सोडून दिली. अक्षता त्याच्याकडं बघत राहिली. राग होता, अजून होता... आणि रागाच्या तळाशी, सायीखाली दूध असावं तसं, काहीतरी ऊन ऊन हलत होतं.

तिनं कप उचलला. एक घोट घेतला, निम्मा चहा ठेवला, आणि कप टेबलावरून सरकवत त्याच्यापुढं नेला. ज्या बाजूनं ती प्यायली होती, ती बाजू त्याच्याकडं करून.

तो कपाकडं बघत राहिला. मग तिच्याकडं.

"उष्टं हाय," तो कसाबसा म्हणाला.

"व्हय," अक्षता म्हणाली. "प्या."